पर्याय क्रमांक चार

नावनोंदणीच्या कागदावर, जेवणाच्या रकान्याखाली
मीच टाइप केलं होतं: ऐच्छिक सहली. शुल्क वेगळं.
एक, झिरो माइल आणि संत्रा बाजार.
दोन, दीक्षाभूमी, येताना फुटाळा.
तीन, रामटेकचा गड.
चार, खिंडसीवर मासेमारी. गळ मिळेल,
टोपी आपापली आणावी.

एकशे बारा हॅम आले, त्रिमूर्तीनगरच्या मंगल कार्यालयात.
आदल्या रात्रीचं लग्न अजून उतरवलं नव्हतं,
झेंडूच्या माळांवरूनच आम्ही डायपोलची तार ओढली.
झिरो माइलची बस आधी भरली.
म्हणे तिथल्या चार घोड्यांपाशी
देशाचा मध्य नेमका कुठे यावर दोन इंजिनीअर भांडले,
आणि पोह्यांवरची तर्री गार होऊन थिजली.

चौथ्या पर्यायापुढे खुणा चारच.
त्यातली एक माझी, गाडीभाडं निघावं म्हणून.

कामठी. कन्हानचा पूल. मनसरला चहा.
मागे जबलपूरच्या खरे बाई आणि त्यांचा भाचा,
खिडकीशी कारवारचे एक गृहस्थ, मफलर कानांवरून.
बिल्ल्यावर नाव नाही, नुसती कॉल साइन.
वाचली, आणि माझा अर्धा चहा त्यांच्या बुटावर.

सतरा वर्षं ओळखते मी या माणसाला.
म्हणजे त्याची मूठ ओळखते.
चाळीस मीटरवर, पहाटे पाचला, बँड उघडता उघडता
शेवटचा डॅश तो किंचित लांबवतो,
कुणी झोपलेलं असताना कडी लावावी तसा.
बायकोचं ऑपरेशन, मुलाचं दुबई,
परसातला फणस वादळात आडवा झाला ते,
सगळं मला कडकट्टमधून कळलेलं.
तारघरात वीस वर्षं काढली मी, शेकडो हात ऐकले,
इतका निवांत हात दुसरा नाही.

म्हटलं, मी बोरकुटे. नागपूरची. ओळखलंत?

त्यांनी तोंड उघडलं.
"म" आला. पुन्हा "म".
ओठ त्या एका अक्षराला अडून राहिले,
गळ्याची शीर ताणली, डोळे मिटले.
मला काय करावं कळेना.
मी बाहेरच्या वीटभट्ट्या मोजू लागले,
ते त्यांनी पाहिलं.

नावेत फागो नान्हे म्हणाला,
गय टाकून बसा जी, बोलू नका, मासोयीले आयकू जाते.
खरे बाई बोलतच राहिल्या.
ऊन पाण्यावर पसरलं, बगळा एकाच पायावर,
गळाचं बूच हलेना.
सीक्यू पाठवून ऐकत बसावं, तसेच बसलो आम्ही,
फक्त हेडफोन नव्हते.

मग केव्हातरी त्यांच्या मांडीवरचा पोळीचा डबा
वाजला.
टिचकी म्हणजे डॉट, नखाचा ओरखडा म्हणजे डॅश.
बू-ट-वा-ळे-ल. आणि तो शेवटचा, जरासा लांब.

मी बांगडीने वल्ह्यावर उत्तर दिलं.
तासभर. काय बोललो ते सांगत नाही.
फणसाला खाली नवा कोंब आलाय, एवढं सांगते.
काय करून रायले हे, फागोने विचारलं.
भांडतायत, खरे बाई म्हणाल्या.

मासा एकच, बोटभर मरळ, भाच्याला.
फागोने ती परत सोडली, लहान आहे म्हणून.

सहल क्रमांक चार: जमा सोळाशे, खर्च दोन हजार दहा.
अध्यक्षांनी त्याखाली लाल रेघ मारली,
पुढल्या वर्षी रद्द.

पंधरा दिवसांनी कार्ड आलं, कारवारचा शिक्का.
तारीख बरोबर. वेळ बरोबर.
वारंवारिता: खिंडसी.
साधन: डबा.
अँटेना: बांबू, दोरी, गांडूळ.
सिग्नल: पाच नऊ नऊ.

लॉगबुकात याला रकाना नाही.
मी ते बांगड्यांच्या पेटीत ठेवलं,
आणि पावणेपाचचा गजर लावला.